हॉलमध्ये ऐकलेला सिबेलियस रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाहीये, मदत करा

खोपटकर (ठाणे)

मंडळी नमस्कार. आजवर नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. माझं संगीत म्हणजे आमच्या बाबांचं संगीत, प्रभाकर जोगांचं व्हायोलिन, दातारांचं व्हायोलिन, रविवारी सकाळी कॅसेट लावून दाढी करायचे. वेस्टर्न क्लासिकल म्हणजे हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं ते, एवढीच अक्कल. तर झालं असं की ऑफिसातल्या मित्राच्या बायकोला ऐन वेळी जमलं नाही आणि तिचा पास मला मिळाला, एनसीपीएला, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात, जमशेद भाभा थिएटर. मध्यंतराच्या आधी सिबेलियस नावाच्या फिनलंडच्या संगीतकाराचा व्हायोलिन कन्सर्टो होता, म्हणजे एक व्हायोलिन पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा साथीला.

मला वाटलं होतं झोप लागेल. सुरुवातीला तर काही होतच नाही, मागची व्हायोलिनं नुसती थरथरत असतात, पहाटे पंखा एक नंबरवर असतो ना तसं, आणि त्या थरथरीत ती बाई एकटी वाजवायला लागते. मी वर बाल्कनीत, ती तिकडे खाली अंगठ्याएवढी दिसतेय, तरी गज तारेवर टेकला तो क्षण मला कळला. पुढे मधेमधे सगळा ऑर्केस्ट्रा तिच्या अंगावरून जायचा, तिचा हात चालताना दिसतोय पण आवाज नाही, आणि मग ती परत वर यायची, विसर्जनाच्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरगं एकदम दिसतं तसं. मध्यंतरात वडा घ्यायला पण उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी ८:१२ च्या लोकलमध्ये फोनवर तेच शोधलं. सगळीकडे हायफेट्झ हायफेट्झ लिहिलंय म्हणून तो लावला. आता मला शिव्या घाला पण मला तो आवडला नाही. व्हायोलिन माझ्या कानात येऊन बसलंय आणि ऑर्केस्ट्रा पलीकडच्या डब्यात. आणि घाई किती, सत्तावीसेक मिनिटांत खेळ खलास, जणू याला शेवटची कर्जत पकडायचीय. मग कोणीतरी लिहिलं होतं म्हणून जिनेट नवू ऐकली, तिच्या मागे भजी तळल्यासारखा आवाज आहे, पण काय वाजवते ती बाई, मुलुंडला उतरायचं होतं ते नाहूरला भानावर आलो.

तर प्रश्न असा की हॉलमध्ये ऐकलं तसं ऐकायचं असेल तर कुठलं रेकॉर्डिंग घ्यायचं? आणि याच्या आसपासचं अजून काय आहे, म्हणजे विसाव्या शतकातलं चालेल पण गाणारं हवं, डोकं उठवणारं नको. व्हायोलिनच पाहिजे असं नाही, चेलो वगैरे पण चालेल. मामांचा जुना सीडी प्लेअर आणि टर्नटेबल दोन्ही माझ्याकडे आलंय, त्यामुळे त्यातलं काहीही चालेल.

फणसवाडीचे काका

खोपटकर, शिव्या कशाला घालू, बरोबर ऐकलंत तुम्ही. (कॉन्चेर्टो म्हणतात, पण कन्सर्टो म्हटलंत तरी कोणी पोलीस येत नाही.)

हायफेट्झचं तुम्ही ऐकलंत ते बहुतेक १९५९ चं, शिकागोचा ऑर्केस्ट्रा, वॉल्टर हेंडल कंडक्टर. त्याच्या रेकॉर्डवर व्हायोलिन कायम माइकच्या तोंडाशी असायचं, ऐकणाऱ्याला त्याच्या नखाचा आवाज यावा इतकं. हॉलमध्ये असं कुणालाच ऐकू येत नाही, अगदी पहिल्या रांगेतल्या पारशी आजीला पण नाही. बाकीचे ३१-३२ मिनिटं घेतात, हा त्यातली चार-पाच वाचवतो. पण त्याला घाईखोर म्हणू नका, कारण या तुकड्याचं पहिलं रेकॉर्डिंगच त्याने केलंय, १९३५ साली लंडनला बीचमबरोबर, त्याआधी हा कॉन्चेर्टो फारसा कोणी वाजवतच नव्हतं. १९०४ ला हेलसिंकीत पहिल्यांदा वाजला तो पडलाच, वाजवणाऱ्याला झेपला नाही आणि समीक्षकांनी झोडला. सिबेलियसने बसून कापाकापी केली आणि १९०५ ला बर्लिनमध्ये नवा सादर झाला, कंडक्टर कोण तर रिचर्ड श्ट्राउस. आपण ऐकतो तो हा दुसरा. पहिला घरच्यांनी कुलपात ठेवला होता, नव्वदच्या सुरुवातीला परवानगी देऊन एकदाच रेकॉर्ड करू दिला, कावाकोस आणि लाहतीचा ऑर्केस्ट्रा, व्हॅन्स्का कंडक्टर. तो मिळाला तर जरूर ऐका पण सवय झाल्यावर, आधी नको. आपल्या ओळखीच्या घरात गेलो आणि भिंतीला भलतीच दोन दारं निघाली असं होतं.

या माणसाला स्वतःला व्हायोलिनवादक व्हायचं होतं बरं का. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये ऑडिशन दिली, घेतलं नाही. नंतर त्याने असा कॉन्चेर्टो लिहिला की ज्यांना घेतलं होतं त्यांचेही हात दुखावेत.

तुमच्यासाठी माझं मत, क्युंग-व्हा चुंग आणि प्रेव्हिन, १९७०, डेक्का. बावीस वर्षांची पोर, पहिली मोठी रेकॉर्ड, आणि ऑर्केस्ट्रा तिच्या मागे नाही तर तिच्या भोवती आहे. नाहीतर ओइस्त्राख आणि ऑर्मंडी. ओइस्त्राखचा आवाज जाड आहे, तुपासारखा, तुमच्या बाबांना पण आवडेल. नवू मात्र सोडू नका, ती भजी माफ करा. १९४५ चं रेकॉर्डिंग आहे, युद्ध नुकतं संपलेलं, आणि चार वर्षांनी अझोर्स बेटांवर विमान पडलं त्यात ती गेली, तीस वर्षांची होती. मी ती रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि तरी रडलो होतो, त्यामुळे तो नुसता कथेचा परिणाम नाही.

एक काम करा फक्त, लोकलमध्ये ऐकू नका. ती सुरुवातीची थरथर सगळी म्यूट (आवाज दाबायची चिमटी) लावलेल्या व्हायोलिनांची आहे, घाटकोपर ते कुर्ला ती तुम्हाला ऐकूच येणार नाही.

नाव_नको

सीडी? टर्नटेबल? २ मिनिटांत सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं, फुकट. लोकांकडे पैसे फार झालेत.

फणसवाडीचे काका

मिळतं ना, मी पण ऐकतो. पण एकदा ग्लाझुनोव्हचा व्हायोलिन कॉन्चेर्टो फुकटच्या ॲपवर लावून बघा. वीस मिनिटांचा तुकडा, १९०४ चा, सगळे भाग एकमेकांत मिसळलेले, मधे थांबायचंच नाही असं लिहिलंय त्याने. व्हायोलिन एकट्याने चढत चढत जातं, तो एकट्याचा भाग म्हणजे कडेन्झा संपतो आणि तिथून थेट ट्रम्पेट फुटतात, शिकारीचा बिगुल वाजावा तसे. त्या दोनांच्या मधे मला कर्जाची जाहिरात ऐकवली, ०% व्याज. बहात्तर वर्षांचा आहे मी, हातातली वाटी फेकणार होतो.

(तो ग्लाझुनोव्ह मिलस्टीनचा ऐकावा. त्याने लहानपणी ओडेसाला खुद्द ग्लाझुनोव्हच्या हाताखाली वाजवलाय. किंवा हायफेट्झचाच १९३४ चा, बार्बिरोली कंडक्टर, इथे त्याची घाई शोभून दिसते.)

चेलोताई_माहीम

काका 😄

खोपटकर दादा, व्हायोलिनवाल्यांनी तुम्हाला पकडायच्या आत मी येते. मी चेलो (व्हायोलिनचा मोठा भाऊ, बसून वाजवायचा) वाजवते आणि शिकवते, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. एल्गार नावाच्या इंग्रज संगीतकाराचा चेलो कॉन्चेर्टो ऐका. १९१९ चा, युद्धानंतरचा, सुरुवातच चेलो एकट्याने करतो, चार कॉर्ड, घशात काहीतरी अडकल्यासारख्या, आणि मग व्हियोला (व्हायोलिनहून जरा मोठे) एक चाल धरतात जी कुठे जात नाही नि संपतही नाही. ऑर्केस्ट्रा मोठा आहे पण त्याने इतका जपून वापरलाय की चेलो कुठे बुडत नाही. चेलोचं दुखणंच ते असतं, आवाज खालचा, त्यावर ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, आली की गेला. तुम्ही म्हणता ना बाईचा हात दिसत होता आणि ऐकू येत नव्हतं, तसं इथे क्वचितच होईल.

सगळे तुम्हाला जॅकलिन दु प्रे सांगतील, १९६५, बार्बिरोली. बरोबरच आहे, वीस वर्षांची होती आणि असं वाजवते की परत कोणी वाजवू नये. पण मी विद्यार्थ्यांना ते पहिलं ऐकू देत नाही, खरंच. कारण ऐकलं की पोरं सहा महिने तशीच घसरत वाजवतात, प्रत्येक सुराला मिठी मारून, आणि ते सोडवताना माझे हाल. तिचं अर्धा तास चालतं. आता बिअॅट्रिस हॅरिसनचं १९२८ चं ऐका, समोर कंडक्टर म्हणून स्वतः एल्गार उभा आहे, आणि ते पंचवीसेक मिनिटांत होतं. पहिल्यांदा वाटतं की अरे भावनाच नाहीत. तिसऱ्यांदा ऐकलं की कळतं रडणं आहे पण पदर ओला होऊ दिलेला नाही. कोणतं खरं? दोन्ही घरात ठेवा. (हीच ती हॅरिसन जी बागेत बसून चेलो वाजवायची आणि नाइटिंगेल पक्षी साथ द्यायचा, बीबीसीने १९२४ ला ते बागेतूनच थेट प्रसारित केलं होतं.)

१९१९ च्या पहिल्या प्रयोगाचा तर बट्ट्याबोळ झाला होता. त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या कंडक्टरने तालमीचा वेळ खाल्ला आणि एल्गारच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. एकल वादक फेलिक्स सालमंड बिचारा चांगला होता.

लोकलवाल्यांसाठी एक गंमत. दु प्रेचं रेकॉर्डिंग लंडनच्या किंग्सवे हॉलमध्ये झालं, तो हॉल रेकॉर्डिंगसाठी सोन्यासारखा पण त्याच्या खालून ट्यूब जायची. तिथल्या कित्येक रेकॉर्डिंगांत चांगला स्पीकर असेल तर खाली गुरगुर ऐकू येते. त्यामुळे दादा, तुम्ही लोकलमध्ये ऐकलंत तर अगदीच परंपरा मोडली असं नाही.

फणसवाडीचे काका

चेलोताई, तुम्ही बार्बिरोली म्हणालात म्हणून. १९१९ च्या त्या फसलेल्या प्रयोगात चेलोंच्या रांगेत एक एकोणीस वर्षांचं पोरगं बसलेलं होतं, तेच बार्बिरोली. म्हणजे दु प्रेसमोर ४६ वर्षांनी काठी धरून उभा राहिला तो माणूस पहिल्या दिवशी आत बसून वाजवत होता. आणि पुढे मँचेस्टरला याच्याच हॅले ऑर्केस्ट्रात पन्नाशीच्या दशकात आपले मेहली मेहता व्हायोलिनला होते. इथे १९३५ ला बॉम्बे सिम्फनी उभी केलेले मेहली मेहता, झुबिनचे वडील. जगाच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट, पण मला ती रेकॉर्ड लावताना दर वेळी आठवते.

आता एल्गारचा व्हायोलिन कॉन्चेर्टो. तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगणार. १९१० चा, जवळजवळ पन्नास मिनिटं, क्राइस्लर या व्हायोलिनवादकासाठी लिहिलेला. वर स्पॅनिशमध्ये लिहून ठेवलंय की इथे अमुक-अमुकचा आत्मा बंद आहे, आणि नावाच्या जागी नुसते पाच ठिपके. कोणाचा आत्मा यावर शंभर वर्षं लोक भांडतायत. माझं लक्ष तिकडे नसतं. तिसऱ्या भागात शेवटाकडे सगळं धावत असतं आणि एकदम थांबतं. कडेन्झा येतो. इतर बहुतेक कॉन्चेर्टोंत कडेन्झाला ऑर्केस्ट्रा गप्प, वादक एकटा. इथे एल्गारने काय केलंय, बाकीच्या तारवाद्यांना गज बाजूला ठेवून बोटांच्या मऊ भागाने तारा नुसत्या कुरवाळायला लावल्यात, एक झंकार चालू राहतो, सूर असा धड कळत नाही, आणि त्यावर व्हायोलिन आधीच्या सगळ्या चाली एकेक आठवत बसतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बसलो. हा तंबोरा आहे हो! पलीकडच्या खोलीत कोणीतरी तंबोरा धरलाय आणि दार अर्धवट लोटलंय. एल्गारच्या डोक्यात तंबोरा नव्हता हे मला माहीत आहे, मला पटवून देऊ नका.

आणि तुमचा मुद्दा आहे ना, हॉल एक आणि रेकॉर्ड एक, त्याचा याहून चांगला दाखला नाही. १९१६ ला मेरी हॉलने हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा रेकॉर्ड केला, तेव्हा माइक नव्हताच, कर्ण्यात वाजवायचं. पन्नास मिनिटांचं चार बाजूंत कोंबलं. आणि तो झंकार कर्ण्यात जाईना म्हणून एल्गारने स्वतः तिथे हार्प घातली! संगीतकाराने स्वतः, रेकॉर्डसाठी. म्हणजे रेकॉर्डिंग ही कधीच हॉलची झेरॉक्स नव्हती.

पूर्ण ऐकायचं तर मेन्युहिन, १९३२. मुलगा सोळा वर्षांचा, एल्गार पंच्याहत्तरचा. तालमीला पियानोवर थोडंसं ऐकलं आणि म्हातारा म्हणाला ठीक आहे, आणि घोड्यांच्या शर्यतीला निघून गेला, हे मेन्युहिनच सांगायचा. त्याहून आधीचं सॅमन्स आणि हेन्री वुडचं १९२९ चं आहे, ते जास्त इंग्रजी, जास्त काटेकोर. तुम्हाला स्वच्छ आवाज हवा असेल तर नायजेल केनेडी आणि हँडली, १९८४, तिथे तो झंकार एकदम नीट ऐकू येतो.

हाच मेन्युहिन १९५२ ला नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आला, मुंबईत त्याला पुण्याचे योगगुरू बीकेएस अय्यंगार भेटले, खांदे आखडलेले त्याचे. पुढे त्याने अय्यंगारांना घड्याळ दिलं त्यावर कोरलं होतं की माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास. पुण्यातले लोक हे सांगताना एक पाऊल पुढे जाऊन सांगतात, तेवढं कापून घ्या.

नाव_नको

काका हे सगळं ठीक आहे पण त्याने विचारलं एक, तुम्ही सांगताय चाळीस.

फणसवाडीचे काका

बरोबर. फणसवाडीत पत्ता विचारलात तरी असंच होतं.

अण्णा_फेडर (अंधेरी)

मी संगीतवाला नाही, आवाजवाला. नव्वदच्या दशकात ताडदेवला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला असिस्टंट होतो, केबल गुंडाळण्यापासून सुरुवात. तेव्हा तीस-चाळीस व्हायोलिनं एका हॉलमध्ये बसायची, बरेचसे गोव्याचे, काही पारशी, आणि सोलो असेल त्याला वेगळा माइक. मग आत काचेमागे बसलेला माणूस ठरवणार सोलो किती. एक फेडर, आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी. बोटभर वर सरकवला की तो वादक देव, खाली आणला की कोरसमधला. खोपटकर भाऊ, तुम्हाला रेकॉर्डवर जे ऐकू येतं त्यात त्या बोटाचा वाटा आहे. हॉलमध्ये फेडर नसतो, तिथे संगीतकाराला कागदावरच काळजी घ्यावी लागते आणि बाकी तुमची खुर्ची कुठे ते. बाल्कनीत बसलात तर आवाज मिसळून येतो, पुढे बसलात तर गजाची खरखर पण येते. मग आपल्याला "असं वाजतं" असं वाटतं ते म्हणजे आपण पहिल्यांदा जिथे बसलो होतो तसं. त्यामुळे काकांनी हायफेट्झबद्दल सांगितलं ते बरोबर पण मी त्याला खोटं म्हणणार नाही, त्याने आपली खुर्ची तुम्हाला दिली एवढंच. वादकाला स्वतःला असंच ऐकू येत असतं, कानाखाली.

आता माझी शिफारस. कॉर्नगोल्डचा व्हायोलिन कॉन्चेर्टो. हे नाव इथे कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. व्हिएन्नाचा बालचमत्कार, नंतर हॉलिवूडला गेला, दोन ऑस्कर, ज्यू असल्यामुळे परत जायचा रस्ता बंद. युद्ध संपल्यावर १९४५ ला हा लिहिला, आणि चाली घेतल्या कुठून तर स्वतःच्याच सिनेमांतून, चार सिनेमांतून. १९४७ ला सेंट लुइसला हायफेट्झनेच पहिल्यांदा वाजवला. न्यूयॉर्कच्या एका समीक्षकाने आडनावावर कोटी केली की यात गोल्ड कमी आणि कॉर्न जास्त, म्हणजे सोनं कमी आणि मका जास्त, तिकडे भडक भावुक गोष्टीला मका म्हणतात. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे कित्येक वर्षं कोणी फारसा हात लावेना. आता जो तो वाजवतो.

मी हा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं अरे हे आपलं बॅकग्राउंड म्युझिक आहे! हिरॉइन जिन्यावरून उतरतेय. नंतर डोक्यात प्रकाश पडला की उलटं आहे, आपल्याकडचे सगळे अरेंजर हेच ऐकून शिकलेले. प्यारेलालजींचे गुरू अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचे, त्यांनी तर पन्नासच्या दशकाच्या शेवटी फिल्मी वादकांना घेऊन ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर स्वतः लिहिलेलं संगीत वाजवलं. त्याची धड रेकॉर्डिंग ऐकायला मिळाली असती तर हा धागा वेगळाच झाला असता.

कॉर्नगोल्ड कोणाचा ऐकायचा: गिल शहाम आणि प्रेव्हिन, लंडन सिम्फनी, १९९३. प्रेव्हिन स्वतः हॉलिवूडच्या स्टुडिओत वाढलेला, त्याला लाज वाटत नाही या संगीताची, आणि तेच पाहिजे. त्याच सीडीवर बार्बरचा कॉन्चेर्टो पण आहे, १९३९ चा, त्यातला मधला भाग ओबोने (सनईच्या जातीचं वाद्य) सुरू होतो तो रात्री ऐकावा. शेवटचा भाग चार मिनिटं एकदम सुसाट, मला कळला नाही. हायफेट्झचा कॉर्नगोल्ड १९५३ चा आहे, मोनो, सुका आवाज, पण वाजवणं असं की साखर कमी लागते.

चेलोताई_माहीम

अण्णा तुमचं फेडरचं पटलं. एक भर, चेलो आणि व्हायोलिन उभे कसे राहतात ते बघा. व्हायोलिनवाला कंडक्टरच्या डाव्या हाताला उभा राहतो म्हणजे वाद्याची भोकं प्रेक्षकांकडे होतात. चेलो तर सरळ तुमच्याकडेच तोंड करून. बिचारा डबल बास. पण त्यालाही कॉन्चेर्टो आहे हो, कुसेवित्स्कीने स्वतःसाठी लिहिला १९०२ च्या सुमाराला, जो पुढे बॉस्टनचा एवढा मोठा कंडक्टर झाला तोच. अगदी चायकोव्हस्कीच्या वळणाचा, गॅरी कारने वाजवलेला ऐका, बास एवढा रडू शकतो हे माहीत नसतं लोकांना.

आणि व्हियोला! वॉल्टनचा व्हियोला कॉन्चेर्टो, १९२९. व्हियोलावादक टर्टिसला पाठवला, त्याने परत केला की फारच मॉडर्न आहे, मग हिंडेमिथने वाजवला, जो स्वतः संगीतकार. टर्टिसने नंतर पस्तावून तो वाजवायला घेतलाच. जुना रिडलचा १९३७ चा ऐकलात तर पहिला भाग झपझप चालतो, नंतरचे वादक रेंगाळतात. मला रेंगाळलेला आवडतो, बाश्मेट आणि प्रेव्हिन. पण हा तुमच्या "गाणारं हवं" च्या जरा सीमेवर आहे दादा, तीनदा ऐकल्याशिवाय मत बनवू नका.

फिन्झीचा चेलो कॉन्चेर्टो, १९५५. हा मी कोणाला सांगत नाही सहसा. यो-यो माच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डिंगांपैकी एक आहे, हँडलीबरोबर, तेव्हा त्याला फार कोणी ओळखत नव्हतं. फिन्झीला आपला आजार माहीत होता. १९५६ मध्ये रेडिओवर हा कॉन्चेर्टो लागला तो त्याने ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी गेला. मधला भाग ऐका. बस.

फणसवाडीचे काका

फिन्झी मला नवीन. ऐकतो.

एक राहिलं, मग गप्प बसतो. एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मरात बिसेनगालिएव्ह, खुश्रू सुनटूक यांच्याबरोबर २००६ ला ज्यांनी तो उभा केला. त्यांना आपण स्टेजवर बघतो पण त्यांची रेकॉर्ड शोधत नाही. हॅव्हरगल ब्रायन नावाच्या इंग्रज माणसाचा व्हायोलिन कॉन्चेर्टो त्यांनी रेकॉर्ड केलाय, नॅक्सॉसवर मिळतो. १९३५ चा. त्याचं आधीचं हस्तलिखित रेल्वेच्या प्रवासात गेलं, परत मिळालं नाही, म्हणून बसून नव्याने लिहिला. आपल्याकडे छत्री गेली तरी माणूस आठवडाभर बोलत नाही.

खोपटकर (ठाणे)

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय, माफी. बरंच ऐकलं. चुंग-प्रेव्हिनची सीडी ऑफिसातल्या त्याच मित्राकडे निघाली. रात्री सगळे झोपल्यावर मामांच्या स्पीकरवर लावली, पंखा पण बंद केला. हो, हेच. ती थरथर आली. शेवटचा भाग लागला तेव्हा बायको उठून बाहेर आली, म्हणाली कोण नाचतंय. काका, मी नेटवर वाचलं की कुणा टोव्ही नावाच्या समीक्षकाने त्या भागाला ध्रुवीय अस्वलांचा नाच म्हटलंय, तिला सांगितलं, ती म्हणाली बारीक करा अस्वलं, मुलाची परीक्षा आहे.

मग अण्णा तुमच्यासाठी मुद्दाम हायफेट्झ परत लावला, डोक्यात ठेवून की मी वादकाच्या खुर्चीत बसलोय. वेगळंच ऐकू आलं. अजून आवडला असं म्हणणार नाही, पण घाई वाटली नाही. बाबांना ओइस्त्राख ऐकवला. काही बोलले नाहीत, दुसरा भाग संपल्यावर म्हणाले, परत लाव.

दु प्रेच्या नादाने शुक्रवारी चोरबाजारात गेलो. एका दुकानात एल्गारचं कव्हर दिसलं, ती केस मोकळे सोडलेली मुलगी, घासाघीस करून साडेचारशेला घेतली, घरी येऊन काढतो तर आत अॅकॉर्डियनवर वाजवलेली फिल्मी गाणी. आधी उघडून बघायला पाहिजे होतं, मान्य. मुलाला आवडली ती. एल्गारचं कव्हर भिंतीवर लावलंय.

काका, तो तंबोऱ्यासारखा भाग केनेडीचा ऐकला फोनवर, मला कळलं तुम्ही काय म्हणताय ते पण अंगावर नाही आलं. मेन्युहिनचा तुमच्याकडे आहे का, म्हणजे जुनी रेकॉर्ड?

फणसवाडीचे काका

आहे. सहा तबकड्या, अठ्ठ्याहत्तरच्या, बारा बाजू, दर चार मिनिटांनी उठून उलटायची. खरेघाट कॉलनीतल्या एका गृहस्थांनी घर सोडताना दिल्या. या ऐकायला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, चहा मिळेल. फक्त आधीच सांगून ठेवतो, शेवटून दुसरी बाजू तडकलेली आहे आणि तुमचा तंबोरा नेमका तिथेच आहे. सुई ठक ठक करत जाते, पण जाते.

खोपटकर (ठाणे)

शनिवारी येतो काका. रविवारी मेगाब्लॉक आहे.

चेलोताई_माहीम

मी पण येऊ का? फिन्झीची सीडी आणते.